बेलभंडाऱ्यावर दिलेला डोंगर

माझी बायको गेल्याला अकरा महिने झाले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवावं. तिचं चांगलं लय होतं, ते माझ्यापाशी राहू द्या. मला लिहायचं आहे ते डोंगराचं. आमच्या वाडीचा डोंगर खडीसाठी दिला गेला, तो मी दिला. तिनं देऊ नका म्हणलं नव्हतं. तिनं एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी चारचौघांत उडवून लावली. मी चार इयत्ता शिकलेला माणूस. लिहिताना चुकेन, पण खोटं लिहिणार नाही.

आमची वाडी जिंतूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. पंचवीस-तीस घरं, सगळी आंध आदिवासींची. येलदरीचं धरण तिथून फार लांब नाही. धरणावर वीज व्हायची, तिच्या तारा आमच्या डोक्यावरून पुढं जायच्या आणि वाडीत रॉकेलच्या चिमण्या जळायच्या. पाण्याचंही तसंच. आम्हाला पाणी द्यायचा तो एक झरा. डोंगराच्या पोटाला काळ्या दगडात एक फट होती, तिच्यातून उन्हाळ्यातही करंगळीएवढी धार यायची. खाली दगडाचं टाकं. बाया त्यातून वाटीनं हंडे भरायच्या. दर चैत्रात गाळही त्याच काढायच्या. पुरुषाला त्या कामात घेत नसत, आणि कोणी पुरुषानंही कधी हट्ट धरला नाही. त्यामुळं पाणी डोंगराच्या कोणत्या अंगानं येतं हे वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि आम्हा पुरुषांपैकी एकालाही नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीनंतरची दोन-तीन वर्षं असतील. खालच्या गावांत माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसत नव्हती. आम्ही डोंगरातले. आम्हाला वाटायचं, आपल्या वाट्याला कोण येतंय. आला तो गुत्तेदार.

गुत्तेदार जिंतूरकडचाच, सरकारी कामांचे ठेके घेणारा. जीप वाडीच्या तोंडाशी ठेवून पायी वर आला, हे लोकांना लय आवडलं. त्याला सडकेच्या आणि कालव्याच्या कामाला खडी पाहिजे होती. डोंगर कागदावर सरकारचा. पण ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागत होता, आणि त्याच्या गाड्या जाणार त्या वाटेत आमची चार शेतं होती. पंचायतीत वाडीचा एकच मेंबर, तो मी.

"मेंबर, मी काही डोंगर लुटायला आलो न्हाई," तो म्हणाला. "डोंगर तुमचा, यंत्र माझं. भागीदारी करू. कामावर वाडीचीच माणसं. बाहेरचा एक आणणार न्हाई. मुकादमबी तुमचाच."

"मुकादम कोण?" आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मेंबरच की. त्यांच्याएवढं शिकलेलं कोण हाय हितं?"

"शिकलेला लय हाय," म्हातारा म्हणाला. "त्यानं सही करायला घेतली की बैल नदीवर पाणी पिऊन माघारी येतो."

सगळे हसले. मीही हसलो. पण मुकादम हा शब्द मला गोड लागला, हे आज कबूल करतो.

बाया मागं लिंबाखाली उभ्या होत्या. तिथून माझ्या बायकोनं विचारलं, "दगड कुठून काढणार?"

"डोंगरातून, वहिनी," गुत्तेदार म्हणाला. पुन्हा हसणं झालं.

"डोंगर मोठा हाय. कोणत्या अंगानं काढणार?"

गुत्तेदारानं हात केला. तो हात सगळ्या डोंगरावरून फिरला. तशी ती पुढं आली, खाली बसली आणि काटकीनं मातीत डोंगर काढला. "झरा हितं. पाणी ह्या अंगानं खाली येतंय. वर जोडपळस हाईत, बगा. त्या पळसांच्या अलीकडं सुरुंग लावायचा न्हाई. पलीकडं सगळा डोंगर घ्या."

"कबूल," गुत्तेदार म्हणाला.

"कबूल हाय तर कागदावर घाला."

तिथं मी तिला गप्प केलं. त्याचं कारण सांगितलं पाहिजे. आमच्या वाडीत शब्द घ्यायचा तो खंडोबाच्या ओट्यावर. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर उचलून माणूस बोलला की ते बोलणं देवाच्या हवाली झालं. शेताची हद्द, सोयरीक, भावाभावांतली गुरांची वाटणी, सगळं त्याच्यावर चालायचं आणि कोणी मोडल्याचं मला तरी आठवत नाही. बेलभंडारा उचलल्यावर त्याच गोष्टीचा कागद मागणं म्हणजे देवावर संशय घेणं. असं मागणाऱ्याला वाडी हलका समजायची.

"देवाच्या वर तलाठी बसवतीस का?" मी सगळ्यांसमोर म्हणलो.

"वर कशाला? देव हाय तिथंच राहू द्या. बाजूला एक कागद ठेवा."

"गप बस."

ती माघारी लिंबाखाली गेली. गुत्तेदारानं चपला काढल्या, डोक्यावर रुमाल टाकला, बेलभंडारा उचलला आणि जोडपळसांच्या अलीकडं घण पडू देणार नाही असं तीनदा बोलला. डोळे मिटून बोलला. एका म्हातारीनं तिथंच त्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

चार दिवसांनी पंचायतीत दाखल्यावर सही केली. कागद मी वाचला होता. अक्षर अक्षर लावून वाचला. त्यात अख्खा गट नंबर होता, झरा नव्हता, पळस नव्हते. मला वाटलं, ते तर देवाकडं आहे, इथं कशाला पाहिजे?

पुढची चार वर्षं बरी गेली. वाडीतली माणसं ऊस तोडायला जायची थांबली. पोरं घरी राहून शाळेत जायला लागली. सुरुंगाच्या आधी मी लाल निशाण लावायचो, शिट्टी मारायचो, बाया झऱ्यावरून घरी आल्या का बघायचो आणि मगच वात पेटायची. भाकरीवर धूळ बसायची, ती आम्ही झटकून खायचो. पळसांच्या अलीकडं एक दगड हलला नाही. मी बायकोला म्हणायचो, "बघ, कुठं लागला कागद?" ती म्हणायची, "न्हाई लागला," आणि कामाला लागायची.

पाचव्या वर्षी गुत्तेदारानं खदान एका कंपनीला देऊन टाकली. आम्हाला कळलं ते नवीन यंत्र वर आल्यावर. हे यंत्र जुन्याच्या तिप्पट. आठ दिवसांत त्यांच्या माणसानं पळसांच्या अलीकडं चुन्यानं खुणा केल्या.

मी पत्र्याच्या शेडमध्ये मॅनेजरकडं गेलो. शहरातला माणूस, शांत बोलणारा. त्याला सगळं सांगितलं. त्यानं फाइल काढली, सगळे कागद चाळले, पुन्हा चाळले.

"यात असं काही नाही, मुकादम."

"कागदावर न्हाई, साहेब. बेलभंडारा उचललेला हाय."

"बरं. त्याची नक्कल आहे का तुमच्याकडे? असली तर मी वर पाठवतो."

तो चेष्टा करत नव्हता. खरंच विचारत होता. मी म्हणलो, "नक्कल कशी असंल? तुमी उचला आता. ओट्यावर चला."

"मी नोकर आहे. मी उचलून काय होणार?"

"मग मालकाला बोलवा."

"मालक एक नाही, चौघं आहेत. ते इथं येत नाहीत."

मी एसटी धरून जिंतूरला जुन्या गुत्तेदाराच्या घरी गेलो. त्यानं बसायला दिलं, चहा दिला. मी वाटेत लय शिव्या ठरवून ठेवल्या होत्या.

"मेंबर, मी शब्द मोडला का?" त्यानंच विचारलं.

"न्हाई."

"माझ्या वक्ताला पळसाच्या अलीकडं खडा तरी फुटला का?"

"न्हाई."

"मग कोणत्या तोंडानं आलाव? मी उचलला, मी पाळला. खदान दिली तवा माझं काम सरलं. नव्या मालकानं तर काही उचललंच न्हाई. आता देवानं कोणाला धरावं, तुमीच सांगा."

परत येताना एसटीत मी त्याच्या बोलण्यात खोट शोधत होतो. खोट सापडत नव्हती. भावाभावांतला शब्द देवापुढं टिकतो, कारण भाऊ आणि त्याची पोरं तिथंच राहतात, त्याच ओट्यावरून रोज जातात. खदान हातोहात जाते. विकताना यंत्र जातं, शेड जाते, फाइल जाते. बेलभंडारा फाइलमध्ये बसत नाही. बायकोला हे पाच वर्षं आधी दिसलं होतं आणि ती एक दिवसही शाळेत गेली नव्हती.

यंत्र पळसापाशी आलं त्या दिवशी बाया त्याच्यापुढं जाऊन बसल्या. वीस-बावीस बाया, वैशाखाचं ऊन, डोक्यावर पदर. तीन दिवस काम बंद. मॅनेजरनं माझ्या हातात माझ्याच सहीच्या दाखल्याची प्रत दिली आणि म्हणाला, "मुकादम, सही तुमची आहे. तुम्हीच समजवा." माझ्यामागं वाडीतले गडी उभे होते. एकजण हळूच म्हणाला, "मामा, काम गेलं तर पुन्हा कोयता घेऊन जावं लागतंय बगा."

मी पुढं झालो. बायको पहिल्या रांगेत होती.

"उठा," मी म्हणलो.

"हे कोण म्हणायलंय? मेंबर म्हणायलाय का मुकादम म्हणायलाय, का माझा नवरा?"

बाया पदरात हसल्या. मला राग आला. मी म्हणलो, "तिघंबी."

"मग तिघं मिळून पाणी आणा."

मी कागद हातात धरून उभा राहिलो. मागचे गडी एकेक पुढं आले आणि आपापल्या बायकांना नाव घेऊन हाका मारायला लागले. कोणी दरडावून, कोणी हात जोडून. एकेक बाई उठली. माझी सगळ्यात शेवटी उठली. लुगडं झटकलं, बाजूला ठेवलेला हंडा घेतला आणि झऱ्यावर पाणी भरायला गेली. त्या दिवशी झऱ्याला पाणी होतं.

सुरुंग उडाले. पहिले आठ दिवस पाणी गढूळ आलं. मग धार सुतासारखी झाली. दिवाळीच्या आधी बंद. ती रोज जायची, फटीत हात घालायची आणि येऊन सांगायची, "आत ओल हाय." एक दिवस आली आणि रिकामा हंडा पालथा घालून ठेवला. मी समजलो.

पाणी कुठं गेलं, तेही थोड्याच दिवसांत कळलं. खदानीच्या खड्ड्यात तळाला पाणी साचायला लागलं. झऱ्याचंच पाणी ते, दगडाला भेग पडली तशी वाट बदलून तिथं उतरलं. कंपनीला त्याची अडचण झाली. त्यांनी डिझेलचं इंजिन बसवलं आणि ते पाणी उपसून नाल्यात सोडायला लागले. ते इंजिन रोज सकाळी चालू करायचं काम मुकादमाचं. म्हणजे माझं. ज्या पाण्यासाठी ती तीन दिवस उन्हात बसली, ते मी माझ्या हातानं रोज फेकून दिलं. नाल्यात पडायच्या आधी बाया नळीच्या तोंडाला हंडे लावायच्या. पाण्याला डिझेलचा वास यायचा. ती हंडा लावून उभी असायची, मी इंजिनापाशी उभा असायचो. आम्ही तिथं एकमेकांशी बोलत नव्हतो.

घरी आल्यावर बोलायची. चटणी कमी पडली का विचारायची, लेकीकडचा निरोप सांगायची. तिनं आयुष्यात मला कधी म्हणून दाखवलं नाही की मी कागद मागितला होता. म्हणली असती तर मी भांडलो असतो आणि माझं मन मोकळं झालं असतं. तेवढंही तिनं मला दिलं नाही.

चांगला दगड संपला तशी कंपनी गेली. जाताना इंजिन नेलं, पत्रे नेले, शेडचे खांबही उपटून नेले. माझी मुकादमकी गेली, गडी पुन्हा उसाला गेले. खड्डा राहिला. भिंतीसारख्या उभ्या कडा आणि पाणी पार खाली. बायांनी मागं पडलेल्या मोडक्या छिन्न्या गोळा केल्या आणि एका कडेला पायऱ्या खोदायला घेतल्या. महिना-दीड महिना खोदत होत्या. मी घरीच होतो. मला कोणी बोलावलं नाही, आणि न बोलावता जायची माझी छाती झाली नाही. दगड कसा फोडायचा हे वाडीत माझ्याइतकं कोणाला येत नव्हतं.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या थंडीत शेजारच्या डोंगरातल्या वाडीचे चौघं माझ्याकडं आले. त्यांच्याकडं दुसरी एक कंपनी आली होती. तेच बोलणं, डोंगर तुमचा, यंत्र आमचं.

"तुमी मुकादम व्हता," त्यांच्यातला मोठा म्हणाला. "कसं करावं सांगा."

मी सांगितलं. बेलभंडारा उचलायचा तर उचला, पण सगळं कागदावर घ्या. कोणत्या अंगाला हात लावायचा नाही ते खुणेसकट घाला. खदान उद्या कोणाच्याही हातात जाऊ द्या, जो घेईल त्याला हे सगळं लागू, असं घाला. काम संपल्यावर खड्ड्याचं काय करणार ते घाला. आणि त्या कागदाची एक नक्कल वाडीत ठेवा. कंपनी हे सगळं मानत असेल तर ती भागीदारी. नसेल मानत तर ती नुसती वाट मागायलीय.

बायको काळा चहा घेऊन आली. त्यांनी तिलाही विचारलं, "वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

"तुमच्यात पाणी कोण भरतंय?"

"बायाच की."

"मग तुमी कशाला आलाव? त्यांना पाठवायचं."

ते हसले. तिनं हसू दिलं. जाताना मी त्यांना खड्डा दाखवला. मोठा माणूस कडेवर उभा राहून लय वेळ खाली बघत होता.

त्यांनी आमच्या सांगण्यासारखा कागद पुढं केला. कंपनीनं तो घेतला, विचार करू म्हणली आणि यंत्र घेऊन तिसऱ्याच डोंगरावर गेली. तिथं कोणी काही मागितलं नव्हतं. मग त्या वाडीतले लोक बाजारात माझ्याशी बोलायचे बंद झाले. एकजण तर सरळ म्हणाला, "स्वतः मुकादमकी खाल्ली आणि आमच्या पोरांच्या हातचं काम घालवलं." मी घरी येऊन तिला सांगितलं.

"त्यांची विहीर हाय का जागेवर?" तिनं विचारलं.

"हाय."

"मग शिव्या खा."

शेवटच्या दोन वर्षांत तिला दम लागायचा. डॉक्टर म्हणाले वय झालं. मी म्हणलो धूळ असेल का, तर ते म्हणाले असेल. लिहून काही दिलं नाही. तरी ती पाण्याला जायची. मी हंडा घ्यायला गेलो की म्हणायची, "राहू द्या, बाया हसतील." मला ते बरं वाटायचं. मी पुन्हा हात पुढं करत नसे.

तेराव्यानंतर लेक सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर घरात पाणी नव्हतं. रांजणाच्या तळाशी गाळ होता. हंडा घेतला आणि खदानीवर गेलो. बाया रांगेत होत्या.

एक म्हातारी म्हणाली, "भाऊजी, आणा इकडं. भरून देते."

"नको."

"पायऱ्या लय वंगाळ हाईत. पडताल."

"पडू दे."

उतरलो. पायऱ्या अरुंद, बाईचं पाऊल आडवं बसेल एवढ्याच. काही ठिकाणी दगड कठीण लागलेला, तिथं पायरी अर्ध्यातच सोडून दिलेली, तिथं कडेला हात टेकूनच जावं लागतं. हात टेकायच्या जागा गुळगुळीत झाल्या आहेत. ह्या कडेचा प्रत्येक सुरुंग माझ्या शिट्टीवर उडालेला, आणि इथून पाणी वर नेताना माणसाचं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. हंडा भरला, खांद्यावर घेतला. डोक्यावर घेता येईना. वर येईपर्यंत चार वेळा बसलो. रांगेतल्या बायांना माझ्यामुळं खोळंबावं लागलं. कोणी हसलं नाही.

घरी आलो तेव्हा हंडा निम्मा होता. अंगावर सांडलेलं वाळायच्या आत तो संपला. चुलीपुढं थोडा वेळ बसलो. मग पुन्हा गेलो.